औषध घेता का?

जयवंता : उजवा पाय दुखतो म्हणता, मंग काठी डाव्या हातात कशी?

सहदेव : डॉक्टरनी सांगितलं. दुखऱ्या पायाच्या उलट्या हातात धरायची. भार वाटला जातो.

(कळंबमधल्या एका घराची ओटी, भर दुपार. सहदेव खुर्चीवर बसलाय. गावाजवळच्या रिसॉर्टवर तो माळीकाम करतो. त्याची बायको जयवंता उंबऱ्यात तांदूळ निवडतेय, म्हणजे सूप मांडीवर आहे एवढंच, तासाभरात एक खडा काही तिने काढलेला नाही. काल दोघं कर्जतला हाडाच्या डॉक्टरकडे जाऊन आली, तेव्हापासून तिचं डोकं ठिकाणावर नाही. राग आहेच, पण त्याच्याखाली भीती बसलीय, आणि ती कबूल करण्यापेक्षा भांडलेलं तिला सोपं वाटतंय. एक्स-रेची मोठी पिशवी खुंटीला लटकतेय.)

जयवंता : आजवर जगात कुणी उलट्या हातात काठी धरली नसंल. कुठला पाय दुखायचा ठरला व्हता त्येच इसरलात बहुतेक.

सहदेव : मी दारू पीत नाय गं. किती येळा सांगू?

जयवंता : मी दारूचं नाव काडलं? मी काठीचं इचारलं. दारूचं तुमी बोललात. तुमीच.

सहदेव : काल कर्जतपासून तू दुसरं काय बोललीस?

जयवंता : मी नाय, डॉक्टर बोलले. ‘खुब्याचा गोळा सुकलाय. या वयात, पडलं-झडलं नसताना, बहुतेक दारूनंच सुकतो.’ आणि माज्याकडं असं बघितलं, जसं काय मीच रोज वतून देते.

सहदेव : ‘बहुतेक’ म्हणले.

जयवंता : डॉक्टर सभ्य हायेत म्हणून बहुतेक. आणि मला सांगा, सहा म्हयने तुमचं गुडघा, गुडघा, गुडघा. बाम चोळून चोळून माजी बोटं जळली. आणि काल फोटू कशाचा काडला? ढुंगणाचा! गुडघा कुठं आणि ढुंगाण कुठं! म्हणजे डॉक्टरला बघता क्षणी कायतरी ठावं झालं.

सहदेव : सांगितलं ना त्यांनी. दुखणं असतं खुब्यात, आणि बोलतं गुडघ्यात. शीर एकच येती दोघांना. जांघेत पण दुखायचं.

जयवंता : जांघेत दुखतं हे मला का नाय सांगितलं?

सहदेव : जांघेत दुखतं म्हणून बाईमाणसाला कसं सांगायचं?

जयवंता : बाईमाणूस! एकोणीस वर्सं झाली लग्नाला.

सहदेव : तरी.

जयवंता : तरी काय? जो माणूस जांघ लपवतो तो बाटली लपवणार नाय? माज्याकडं सगळं ध्यानात हाय. आयका. चालताना डुलता. त्या दिवशी रस्त्यानं येत व्हतात तर उजवीकडं झुकताय, परत सरळ, परत उजवीकडं. शेजारची जिजा मला म्हणली, तुजा नवरा आज दुपारीच का गं?

सहदेव : लंगडतोय मी.

जयवंता : लंगडणं येगळं, डुलणं येगळं. दुसरं. जेवायला माज्या शेजारी बसत नाय. सहा म्हयने झालं, खुर्ची घेऊन लांब बसता. तोंडाचा वास यिल म्हणून.

सहदेव : मांडी घालून बसता येत नाय. खुबा आत वळतच नाय. पायात मोजा घालायचा तर भिंतीला टेकावं लागतं.

जयवंता : तिसरं. तुमच्या थैलीत बाटल्या.

सहदेव : रिकाम्या. गेस्ट लोकं टाकून जातात. बी-बियाणं ठेवायला बऱ्या. तूच भोपळ्याचं बी ठेवलंस की एकीत.

जयवंता : रिकाम्या मला दिसतात. भरलेल्या कुणाला दिसत असतील कुणाला ठावं.

सहदेव : माजा बाप दारू पिऊन नाल्यात पडून गेला. सकाळी मी बाहेर काडला त्याला, मी. मी पीन?

जयवंता : ...त्येच तर. मी माहेराहून, चौक गावावरनं, लगीन करून इथं आले तवा एकच अट घातली व्हती. बाकी काय मागितलं नव्हतं. दारू निघाली ना, तर मी त्याच पावली चौकला परत. या वयातसुदा. लोकं हसू देत.

सहदेव : डॉक्टर काय म्हणले ते तू अर्धंच आयकलंस. उजवा गोळा चपटा झालाय, तो बदलायलाच लागंल. डाव्याला आत्ता सुरुवात हाय. कारण बंद केलं तर डावा वाचंल, नायतर वर्सा-दीड वर्सात तो पण जाईल. मला दारू बंद करायला सांगितलीय. जी पितच नाय ती मी बंद कशी करू? सांग तूच. रात्रभर हाच इचार करतोय. डावा पाय काय बंद करून वाचवू?

वनिता : येऊ का वहिनी? रस्त्यापर्यंत आवाज येतोय तुमचा.

जयवंता : ये गं वनिता. तू आशाताई हायस, गावभर लोकांची दुखणी बघत फिरतीस. तूच सोक्षमोक्ष लाव.

वनिता : त्यासाठीच आलेय. सकाळी डॉक्टरांचा फोन होता. मीच चिठ्ठी देऊन पाठवलं होतं ना तुम्हाला. रक्ताचा रिपोर्ट आलाय. दादा, साखर वाढलीय तुमची.

सहदेव : आता साखर पण?

जयवंता : देशीतली साखर ती.

वनिता : वहिनी, जरा थांबा. दादा, शर्टाच्या बाह्या वर करा. हे काळेनिळे डाग कसले?

सहदेव : गुलाबाची छाटणी करतो. काटा लागतो. पयलं नुसता ओरखडा यायचा, हल्ली जरा लागलं की असा डाग पडतो. कातडीच पातळ झाल्यासारखी वाटती.

जयवंता : पडतात कुठंतरी. तेच डाग.

वनिता : भूक कशी आहे?

जयवंता : मला इचार. रात्री उठतात आणि टोपल्यातल्या भाकऱ्या खातात. नुसत्या, मिठाबरोबर. झोप नाय. दारूची भूक असती तशी.

वनिता : आणि चेहरा हा असा गोल कधीपासून झाला?

जयवंता : झाली की तीन वर्सं. आदी मला बरं वाटायचं. गालफडं बसलेली व्हती, ती भरली. मी दर शनवारी मीठ-मोहरी उतरवत व्हते, नजर लागू नये म्हणून. सगळ्या बाया म्हणायच्या, जयवंता नवऱ्याला चांगलं खाऊ घालती. मंग जिजानं डोळं उघडलं माजं. म्हणली, अगं, दारूनं तोंड असंच सुजतं.

वनिता : जिजामावशींना सगळ्यातलं कळतं. दादा, काल डॉक्टरांनी तुम्हाला उभं करून तपासलं का?

सहदेव : एका पायावर उभं केलं. डाव्यावर ठीक. उजव्यावर उभा राहिलो तर कंबर भसकन डावीकडं खाली.

जयवंता : लंगडी घालायला लावली. पँट खाली करून. मी तोंड फिरवलं.

वनिता : वहिनी, हा तुमचा डुलण्याचा जबाब. इथं, कुल्ल्याच्या वरच्या बाहेरच्या अंगाला, हात लावून बघा स्वतःच्या. एक पाय उचलला की इथलं मांस घट्ट होतं. तेच कंबर धरून ठेवतं. खुबा बिघडला की त्याची ताकद जाते. मग कंबर पडू नये म्हणून माणूस सगळं अंग दुखऱ्या बाजूला टाकत चालतो. लांबून बघणाऱ्याला वाटतं, झोकांड्या देतोय.

जयवंता : ...म्हणजे ते डुलणं खरं?

वनिता : डुलणं खरं. त्याचं कारण दारूच असलं पाहिजे असं नाही.

सहदेव : आयक.

वनिता : पण दादा, एक गोष्ट तुम्ही डॉक्टरांपासून लपवलीत.

जयवंता : बघा! बघा! मी काय म्हणत व्हते?

सहदेव : मी काय लपवलं?

वनिता : डॉक्टरांनी तुम्हाला विचारलं, रोज काही औषध घेता का? काय उत्तर दिलंत?

सहदेव : नाय म्हणलो. शप्पथ घेतली.

वनिता : औषधाची शपथ कोण घेतं? डॉक्टर मला म्हणाले, ‘वनिताताई, हा माणूस काहीतरी दडवतोय. साधं औषध विचारलं तर घामाघूम झाला. म्हणाला, आयुष्यात शिवलो नाही. मी म्हटलं, सर्दी-तापाला पण नाही? तर म्हणे, सर्दीलासुद्धा नाही, कुणी पाजायला आलं तर उठून जातो.’

सहदेव : मंग! खरंच हाय ते. सर्दीला म्हणून तर सगळी सुरुवात करतात. माज्या बापानं पण सर्दीलाच केली.

वनिता : दादा... तुम्हाला औषध म्हणजे काय वाटलं?

सहदेव : औषध म्हणजे औषध. क्वार्टर. रिसॉर्टवर आमी सगळी तेच बोलतो. ‘आज पाव्हण्याला औषध जास्त झालं, उचलून न्या.’ इथं गावात तरी काय बोलतात? आणि ही शेजारी बसलेली, डोळं वटारून. मला वाटलं, डॉक्टरनी हिच्यासमोर सभ्य शब्द वापरला.

वनिता : अरे देवा! ते खरंच औषध विचारत होते. गोळ्या, इंजेक्शन, काहीही.

जयवंता : हसू नको गं वनिता. हसण्यासारखं काय हाय यात?

वनिता : नाही हसत. कारण पुढचं हसण्यासारखं नाहीच. डॉक्टरांनी तुमच्या ‘नाही’वर विश्वास ठेवला, म्हणून दारू उरली. पण खुब्याचा गोळा सुकायचं आणखी एक मोठं कारण असतं. त्या गोळ्याला रक्त नेणाऱ्या शिरा फार बारीक. त्या बंद पडल्या की गोळा आतल्या आत मरतो. वरून नारळ चांगला दिसावा आणि आत खोबरं नासलेलं असावं, तसं. मग वजन पडून पडून तो बसतो. हे दारूनं होतं, आणि स्टिरॉइडनं होतं. चांगल्या डॉक्टरच्या हातात ते औषध मोलाचं आहे. पण काही लोक ते बिननावाच्या पुड्यांत घालून विकतात. सांधेदुखीच्या पुड्या, दम्याच्या पुड्या. गुण लगेच दिसतो. भूक लागते. गाल भरतात. झोप उडते. कातडी पातळ होऊन डाग पडतात. साखर चढते.

सहदेव : हे तर सगळं मलाच झालंय.

वनिता : म्हणूनच डॉक्टरांनी सकाळी रिपोर्ट बघून फोन केला. दादा, तुमचा दमा कसा आहे? श्रावण लागला की तुम्हाला दवाखान्यात न्यावं लागायचं.

सहदेव : दमा? तीन वर्सं झाली, नाय. आपोआप गेला.

वनिता : एकदाही लागला नाही?

जयवंता : गेला तर गेला. बरं झालं. त्यात काय इचारायचं? चहा टाकू का गं तुला? दूध हाय आज.

वनिता : नको वहिनी, बसा. काही सुरू केलं होतं का तेव्हा, दादा? कुणी झाडपाला, चूर्ण...

सहदेव : मी असल्या बुवा-वैदूच्या दारात जात नाय. ही मागं लागली व्हती एकदा. मी हाकलून लावली.

जयवंता : तांदूळ राहिला निवडायचा. आत जाते मी.

सहदेव : बस. जयवंता, बस जरा. सकाळपासून तू इचारतीयास, आता मी इचारतो. दर म्हयन्याला तू कुंभिवलीला कशाला जातीस?

जयवंता : कशाला म्हणजे? बहीण हाय माजी तिथं. गोदा.

सहदेव : गोदा मे म्हयन्यात इथं आली व्हती. तू पाण्याला गेलेलीस. मला म्हणली, भावजी, ताईला पाठवा की एकदा, दोन वर्सं झाली तिनं घराला पाय लावला नाय. मी तुला यातलं काय बोललो नाय. मनात म्हणलो, जाऊ दे. पण तवापासून तू एस्टीत बसलीस की माजा जीव थाऱ्यावर नसतो. माणूस हाय मी. माज्या पण डोक्यात काय काय आलं.

जयवंता : काय आलं? बोला. काय आलं डोक्यात?

सहदेव : ते सोड. तू कुणाकडं जातीस?

जयवंता : असं वाटलं तुमाला? माज्याबद्दल? आणि म्हयनोन्‌म्हयने गप बसलात?

सहदेव : तू मला दारुडा समजलीस, तू तरी कुठं लवकर बोललीस?

वनिता : वहिनी. डावा पाय अजून वाचवता येतो. खोटं बोलायला आज वेळ नाही.

जयवंता : ...मला सांगता येत नाय.

सहदेव : का?

जयवंता : सांगितलं की गुण जातो.

वनिता : कुणी सांगितलं असं?

जयवंता : त्या वैदूनं. कुंभिवलीच्या नाक्यावर टपरीच्या मागं बसतो. लांबून लांबून माणसं येतात गं त्याच्याकडं, गाड्या घेऊन. म्हणला, रोज एक पुडी. ज्याला द्यायची त्याला सांगू नको, घरात कुणाला सांगू नको. तोंडातून निघालं की गुण गेला, आणि दमा दुप्पट होऊन परत यिल.

सहदेव : कशातून दिलीस?

जयवंता : सकाळच्या चहातून.

सहदेव : रोज?

जयवंता : रोज. कडू लागू नये म्हणून आलं जास्त घालत व्हते.

सहदेव : म्हणून आलं. मी रिसॉर्टवर सांगत फिरायचो, माज्या बायकोसारखा आल्याचा चहा कुणाला जमत नाय.

जयवंता : तुमाला नाय आठवत तो श्रावण? उशीला टेकून बसायचात. पाण्यातनं काडलेल्या माशासारखं तोंड उघडायचात आणि हवा आत जायची नाय. मी पाठ चोळत बसायचे आणि मोजायचे, आता पुढचा श्वास यितो का नाय. तुमी म्हणलात, वैदूकडं जाणार नाय. मंग मी काय करू? बघत बसू? चार दिवसांत फरक पडला, वनिता. चार दिवसांत! मला देव भेटल्यागत झालं. काल डॉक्टरनी मलाही इचारलं, घरी काय गोळ्या-बिळ्या देता का? मी नाय म्हणले. गोळी नव्हतीच ना ती. पुडी व्हती.

वनिता : कुठं आहेत पुड्या?

जयवंता : हळदीच्या डब्याच्या मागं. आणते.

सहदेव : वनिता, खरंच त्यानंच झालं का गं?

वनिता : पुडीत काय आहे ते मी बघून नाही सांगू शकत. उद्या तुम्ही दोघं कर्जतला जा, पुड्या डॉक्टरांच्या हातात द्या, आणि सगळं सांगा. यावेळी औषध म्हणजे औषध. पण लक्षणं बघता मला तरी दारू दिसत नाही.

जयवंता : ह्या घे. एवढ्या उरल्यात. चुलीत घालते आत्ताच्या आत्ता.

वनिता : नाही! अजिबात नाही. आजची सकाळी दिलीय ना? मग उद्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही बदलू नका. तीन वर्षांची सवय आहे अंगाला. एकदम तोडली तर माणूस कोसळतो. ते सांगतील तशी हळूहळू सोडवायची.

जयवंता : म्हणजे इख हाय ते ठाऊक झालं तरी द्यायचं?

वनिता : डॉक्टर सांगतील ते, सांगतील तेवढं. आणि दमा परत आला तर त्याला फवारा आहे, तोंडात मारायचा. तो सरळ छातीत जातो. आधीच विचारलं असतंत तर मीच आणून दिला असता.

सहदेव : डाव्याचं काय?

वनिता : डाव्याला नुसती सुरुवात आहे. छोटं ऑपरेशन असतं, हाडाला बारीक भोक पाडतात. आतला दाब कमी होतो, रक्ताला वाट मिळते. कारण हाती लागलं असेल तर आशा आहे. शब्द नाही देत मी, आशा म्हणतेय. उद्या पहिल्या गाडीनं निघा. येते मी. वहिनी, रडू नका, दादांना ऊठबस करायला तुम्हीच लागणार आहात.

जयवंता : ये गं. (वनिता जाते.) बोला कायतरी. शिव्या घाला.

सहदेव : मघाशी तू मला दारुड्या म्हणत व्हतीस तवा सोपं व्हतं. मला म्हायती व्हतं, मी खरा हाय. आता तू खरं बोललीस, तर मला काय बोलावं ते कळत नाय.

जयवंता : माज्या हातानं पाय घालवला तुमचा.

सहदेव : तीन श्रावण पण तुज्याच हातानं काडले.

जयवंता : असं बोलू नका. त्यापरीस शिव्या बऱ्या.

सहदेव : खरं तेच बोलतोय. पण राग हाय मला. तो पण खरा हाय. तो लगीच नाय जायचा.

जयवंता : आता मी बोलले. गुण गेला.

सहदेव : जाऊ दे. जायलाच पायजे.

जयवंता : ...बसा तुमी. चहा टाकते. बिनआल्याचा.

सहदेव : नको. मी टाकतो.

जयवंता : उभं राहवंल का?

सहदेव : डाव्यावर राहवंल तेवढा येळ. काठी दे. डाव्या हातात.

जयवंता : आणि मी काय करू?

सहदेव : तू शेजारी उभी रहा आणि मी काय काय टाकतो ते बघ. उद्या तू टाक, मी बघीन.